सकाळी सातची पोस्ट

मी लिहायला लागले ती रागानं. राजारामपुरीत एका दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. नाव लिहून घ्यायचं, नंबर द्यायचा, फोन उचलायचा, आणि गाल धरून बसलेल्या माणसानं अजून किती वेळ विचारलं की तोंड गोड ठेवून 'झालंच की' म्हणायचं. मधल्या वेळात मोबाईल. त्यावर रोज कुणाचं तरी लिखाण फिरत यायचं. आई अशी असते, बाप तसा असतो, आणि खाली हात जोडलेली चित्रं. माझं डोकं फिरायचं. एकदा शेजारच्या मेडिकलमधल्या बाईंना मी म्हणाले, असलं तर मी झोपेत लिहीन. त्या म्हणाल्या, मग लिवा की, कुणी हात धरलाय? मी तिथंच अडकले.

रोज लिहिणाऱ्यांचा एक ग्रुप होता, त्यात शिरले. चालवणाऱ्या बाई पुण्याकडच्या, बोलायला मऊ आणि नियमाला कडक. रोज काहीतरी लिहायचं, आपापल्या फेसबुक पेजवर सकाळी टाकायचं आणि आठच्या आत त्याची लिंक ग्रुपवर द्यायची. एक दिवस चुकला की तुमची मोजणी परत एकपासून. कुणाचा ताप, कुणाचं लग्न, काही चालायचं नाही. मला तो नियम आवडला. मी तशी हट्टी आहे. कुणी 'हिला काय जमतंय' अशा नजरेनं बघितलं की ते मी करतेच. मी सातची वेळ धरली. साडेपाचला उठायचं, चहा ठेवायचा, ओट्याला टेकून उभ्यानंच मोबाईलवर लिहायचं आणि सातला टाकून डबे भरायला घ्यायचे. घरातल्यांनी आधी चेष्टा केली, मग सवय करून घेतली.

पहिल्या महिन्यातलं लिखाण आज कुणी समोर आणलं तर मी ओळख देणार नाही. ज्याला नावं ठेवत होते तसलंच लिहीत होते मी. ग्रुपच्या बाईंनी एकदा फोन करून सांगितलं, तुम्ही बोलता तिखट आणि लिहिता गुळमुळीत. खरं होतं ते. आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो, करतो' म्हणतात, घरी मी तशीच बोलते. लिहायला बसले की मात्र 'येते, जाते' करत, परक्याच्या घरी गेल्यावर पदर सावरतात तशी सावरून बसायचे. आणि चाळिसाव्या दिवसाच्या सुमाराला तर लिहायला काही उरलंच नाही. गॅसवर चहा उतू गेला तरी एक ओळ नाही. तेव्हा मी कोडोलीला आण्णांना फोन लावला.

आण्णा म्हणजे माझे वडील. गावातल्या दूध संस्थेत ते सचिव होते, आणि संस्थेच्या दारातला फळा रोज तेच लिहायचे. पहाटे दुधाच्या किटल्या यायच्या आत ओल्या फडक्यानं फळा पुसायचा, वाळू द्यायचा, आणि गावाला जे कळायला पाहिजे ते चार ओळींत लिहायचं. लाईट कधी जाणार, जनावरांचे डॉक्टर कधी येणार, पेंड आली का. गावात कोण वारलं असेल तर त्याचं नाव, वय आणि रक्षाविसर्जन किती वाजता. कोल्हापूरकडं तिसऱ्या दिवशीची ती वेळ फार महत्त्वाची. मयतीला पोचता आलं नाही तर लोक समजून घेतात, पण रक्षाविसर्जनाला तोंड दाखवलं नाही तर जन्मभर ऐकावं लागतं. सत्तावीस वर्षं आण्णांनी तो फळा लिहिला. काही सुचलं नाही तर तुम्ही काय करायचात, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तारीख-वार लिवायचा आन् खडू खाली ठेवायचा. सुचायची वाट बघत बसलो असतो तर दूध नासलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी तेवढंच लिहिलं, आण्णा काय म्हणाले ते, जसं म्हणाले तसं. लोकांनी ते वाचलं. नुसता अंगठा दिला नाही, वाचलं. मग मला वाट सापडली. दवाखान्यात येणारी माणसं लिहायला लागले. लेकीच्या लग्नाच्या फोटोत हसता यावं म्हणून कवळी बसवून घेणारा म्हातारा, सुई बघून खुर्चीतून उठून पळालेला पैलवान, दात दुखतोय की नवरा ते नक्की न सांगता तासभर बोलत बसलेली बाई. रविवारी कोडोलीला गेले की भावजय आण्णांना आठवड्याच्या पोस्ट वाचून दाखवायची. त्यांचा साधा बटणांचा फोन, त्यावर काही दिसायचं नाही. आल्यागेल्याला ते सांगायचे, माझी पोरगी मोबाईलवर फळा लिवती. मला ते ऐकून बरं वाटायचं आणि तोंडावर मी 'काहीतरीच तुमचं' म्हणायचे.

पण हसवलं की लोक पुढं जायचे आणि रडवलं की थांबायचे, हेही माझ्या ध्यानात आलं. आईवर लिहिलं त्या दिवशी तर मोबाईल दिवसभर वाजत होता. मग मी आईच्या चपलांवर लिहिलं, तिच्या ट्रंकेतल्या न नेसलेल्या साडीवर लिहिलं. कुठं ओळ तोडायची, कुठलं वाक्य शेवटी ठेवायचं, ते हाताला कळायला लागलं. कुणी ओळखीचं गेलं की सांत्वनाला जायचे आणि डोकं आतल्या आत उद्याची पोस्ट जुळवत असायचं. दोन वर्षांत पेजवर हजारांनी माणसं आली आणि एक दिवस खंड पडला नाही. दुःख खपतं हे मला कळलं होतं, आणि ते कळल्यावर मी काही ते सोडलं नाही.

एक गोष्ट मात्र मी राखून ठेवली होती. आण्णांवर माझा एक जुना राग होता. आई गेली त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण राग ताजा होता. ती पहाटे गेली. उठली, पाणी प्यायली, भिंतीला टेकून बसली ती बसलीच. मला फोन आला आणि मी मिळेल त्या गाडीनं निघाले. कोडोलीच्या स्टँडवर उतरून घराकडं पळत जाताना वाटेत संस्था लागते. फळ्यावर आईचं नाव होतं. पूर्ण नाव, वय, रक्षाविसर्जन परवा सकाळी नऊ वाजता. अक्षर आण्णांचं. आणि त्याच्याखाली, जनावरांचे डॉक्टर गुरुवारी येतील. मी रस्त्यात उभी राहिले. बायको मेली आणि हा माणूस उठून फळा लिहून आला? घरी पोचले तर आण्णा कोपऱ्यात बसलेले, डोळे कोरडे ठणठणीत. माझ्या मनात जे बसलं ते बसलं.

त्यांना मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात असलं काही विचारत नाहीत. जेवलीस का, गाडी मिळाली का, पोरं बरी हाईत का, ह्याच्यावर आमची माया चालते. पण ही गोष्ट लिहिली की वाचणारे कोसळणार, हे लिहायला लागल्यापासून मला ठाऊक होतं. आण्णा जिवंत असताना ती कशी लिहिणार? म्हणून राखून ठेवली होती. राखून ठेवली म्हणजे कशासाठी, हे मी स्वतःला स्पष्ट विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी आण्णांना अर्धांगाचा झटका आला. भावानं कोल्हापुरात आणून दवाखान्यात घातलं. पहिल्याच दिवशी मी पुढच्या पाच दिवसांच्या पोस्ट लावून ठेवल्या. पेजवर तशी सोय असते, दिवस आणि वेळ घातली की ती आपोआप लागते. ग्रुपच्या बाईंनी लिंक देण्यातून तेवढ्यापुरती सूट दिली, पोस्ट वेळेवर लागली म्हणजे झालं. बाप आत नळ्या लावून पडलाय आणि मी मोजणी तुटू नये म्हणून धडपडतेय, ह्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. ग्रुपवर सगळ्यांनी कौतुक केलं, तेही मी घेतलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भावाला आणि मला बाजूला घेतलं. मेंदूला सूज आहे, वय झालेलं आहे, जवळच्या माणसांना बोलवून घ्या म्हणाले. भाऊ आण्णांच्या चपला पिशवीत घालून बाहेरच्या बाकावर बसला. मी त्याच्या शेजारी बसले, मोबाईल काढला आणि लिहायला लागले. त्याला वाटलं मी पावण्यांना कळवतेय. दुपारची भेटायची वेळ होती, माणसं डबे घेऊन ये-जा करत होती, आणि मी अर्ध्या तासात सगळं लिहून काढलं. इतकं सलग मी कधीच लिहिलं नव्हतं.

'काल आण्णांचं रक्षाविसर्जन झालं' अशी सुरुवात केली. मग फळा, सत्तावीस वर्षं, पहाटेचं ओलं फडकं. आणि मग राखून ठेवलेलं. आई गेली त्या पहाटे त्यांनी फळा कसा पुसला, खडू कसा उचलला, तिचं नाव लिहिताना त्यांचा हात कसा जरासुद्धा हलला नाही, बोटांवरची पूड झटकून ते कसे घरी आले. शेवटी लिहिलं, मी त्यांना माफ केलं नव्हतं, आज करते. परत वाचून बघितलं तर मलाच रडू फुटलं. त्यातलं थोडं रडू आण्णांसाठी होतं. बाकीचं, लिखाण चांगलं जमलं म्हणून होतं.

मग मी बोटांवर मोजलं. आज नाहीतर उद्या. तिथून तिसरा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात. रांगेतल्या शेवटच्या पोस्टच्या मागं ती लावून टाकली. वाटलं, पुढं घाईगडबडीत जमणार नाही, मागंपुढं झालं तर बदलता येईल. जिवंत बापाचा दिवस मी असा धरला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आण्णा गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि सलाईन बदलणाऱ्या नर्सला विचारलं, गाव कंचं तुमचं? डॉक्टरसुद्धा हसले. डाव्या हातात जोर राहिला नव्हता, जीभ जड झाली होती, पण बोलणं कळत होतं. आणखी दोन दिवसांनी घरी सोडलं. भाऊ त्यांना गाडीत घालून कोडोलीला घेऊन गेला, मी राजारामपुरीत घरी आले. ती पोस्ट मी साफ विसरले होते. आनंदात विसरले, एवढं तरी माझ्या बाजूनं म्हणते.

त्या रात्री आठवड्यानं पहिल्यांदा गाढ झोप लागली आणि सकाळी उठायला उशीर झाला. पोस्ट रांगेतूनच लागतेय असं धरून होते, लावून ठेवलेल्या पाच कालच संपल्यात हे ध्यानातच आलं नाही. डबे कसेबसे भरले, मोबाईल पर्समध्ये टाकला आणि दवाखाना गाठला. कामाच्या वेळात मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवायचा, हा आमच्या डॉक्टरांचा नियम. अकराच्या सुमाराला दवाखान्याच्या फोनवर भावाचा आवाज आला. "आक्का, तुझं डोस्कं ठिकाणावर हाय का? आण्णा च्या पीत बसल्यात आन् माणसं दारात येऊन रडाय लागल्यात."

गावातल्या लोकांनी आण्णांना आदल्या संध्याकाळी गाडीतून उतरताना बघितलं होतं, ते नुसते खात्री करायला आले होते. खरा गोंधळ बाहेरगावच्यांनी घातला. पेठ वडगावहून आण्णांची बहीण, माझी आत्या, रिक्षा करून आली. रडत आली म्हणण्यापेक्षा भांडत आली. रक्षाविसर्जन उरकलं आणि सख्ख्या बहिणीला कळवलं नाही, भावाचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही, असं गल्लीच्या कोपऱ्यापासून ओरडत ती दारात आली, तर समोर भाऊ बशीतून चहा पितोय. ती मटकन खाली बसली. तिला पाणी द्या म्हणून आण्णांनीच सांगितलं. गाव ह्याच्यावर किती दिवस हसत होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही हसले असते, आणि सकाळी सातला पोस्ट टाकली असती.

मग आण्णांनी भावजयीला सांगितलं, काय लिवलंय ते वाच. ती नको नको म्हणत होती. माझ्यावर हाय न्हवं, मग मला नको व्हय कळाय, असं ते म्हणाले. तिनं वाचलं. आत्यासमोर, दारातल्या माणसांसमोर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

इकडं मी ड्रॉवर उघडला. कमेंटवर कमेंट. भावपूर्ण श्रद्धांजली, ओम शांती, रडवलंत ताई. ग्रुपच्या बाईंनी लिहिलं होतं, आजवरचं तुमचं सगळ्यात चांगलं लिखाण. आता सांगायलाच बसलेय तर हेही सांगते. पोस्ट काढून टाकायच्या आधी मी त्या कमेंट वाचल्या. दोन मिनिटं असतील. मग काढली, डॉक्टरांना सांगितलं, स्कूटी काढली आणि कोडोलीचा रस्ता धरला.

लाज तर होतीच. पण वाटभर डोक्यात दुसरंच होतं. आईचं ते त्यांनी ऐकलं होतं. इतकी वर्षं जे मी तोंडावर बोलले नाही ते सुनेच्या तोंडून, चारचौघांत ऐकलं होतं. आता आण्णा माझ्याशी बोलतील का, एवढीच भीती होती. बाकी लोक काय म्हणायचे ते म्हणोत.

मी घरी पोचले. आत्यानं तोंड फिरवलं. आण्णा बाहेरच्या सोप्यात कॉटवर उशीला टेकून बसले होते. त्यांनी सगळ्यांना आत जायला सांगितलं. मी पायाशी बसले. चुकलं आण्णा, म्हणाले.

"चांगलं लिवलंयस," ते म्हणाले. "सूनबाईला वाचताना रडू आलं."

मग ते म्हणाले, "पर त्यो फळा मी लिवला न्हवता."

मला आधी कळलंच नाही. ते सावकाश, शब्द जुळवत बोलत होते. फळा तात्यांनी लिहिला होता. तात्या म्हणजे संस्थेत आण्णांच्या हाताखाली कारकून होते ते. अजून गावात आहेत, आता फळा तेच लिहितात. आण्णा कधी रजेवर असले की त्यांच्या जागी तात्या लिहायचे, आणि लोकांना फरक कळू नये म्हणून त्यांनी आण्णांच्या वळणाचं अक्षर घोटून घोटून बसवलं होतं. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. मी लग्न होऊन कोल्हापुरात गेलेली, मला ठाऊक नव्हतं. भाऊ तेव्हा पुण्याला कामाला होता, तोही माझ्यानंतर पोचला होता. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं.

"माझा हात हालला न्हाई म्हनून लिवलंस," आण्णा म्हणाले. "तू हुतीस काय तितं?"

नव्हते. तो हात, ती पूड, पुसलेला फळा, सगळं मी दवाखान्याच्या बाकावर बसून बनवलं होतं. लोकांनी सगळ्यात जास्त त्याच ओळी उचलल्या होत्या. आण्णांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, भांडायला मला येतं. असं शांतपणे कुणी खरं सांगितलं तर काय करायचं, ते मला येत नाही.

मग त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. खिडकीकडं बघत म्हणाले, "त्या दिशी मी..."

आणि मी म्हणाले, "थांबा आण्णा. आधी हे टाकतो. लोकास्नी खरं कळाय पायजे."

मला खरंच तसं वाटलं होतं. बापावर खोटं लिहिलं, ते आत्ताच्या आत्ता पुसायचं, एवढंच मनात होतं, असं मी पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. पण आणखीही एक होतं. सकाळची पोस्ट मी काढून टाकली होती. म्हणजे त्या दिवशीचं काहीच नव्हतं, काढलेल्या पोस्टच्या जागी त्याच दिवशी दुसरी आली नाही तर मोजणी तुटणार होती. बाप समोर बसलाय, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा काहीतरी सांगायला तोंड उघडतोय, आणि माझ्या डोक्याच्या एका कोपऱ्यात मोजणी होती.

आण्णा बरं म्हणाले. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि लिहिलं. दहा मिनिटांचं काम होतं, मी तासभर लावला. माफीसुद्धा मी घासूनपुसून लिहिली, शेवटचं वाक्य तीनदा बदललं. टाकून आत आले तर आण्णांना झोप लागली होती. भाऊ जरा निवळला होता. आत्या एवढंच म्हणाली, जेवून जा. जेवले, आणि संध्याकाळच्या पेशंटसाठी दवाखान्यात परतायचं म्हणून निघाले. भावजयीला सांगितलं, रविवारी येतो, तेव्हा निवांत बसू. माफीची ती पोस्ट आदल्या पोस्टपेक्षाही जास्त चालली.

शुक्रवारी आण्णांना दुसरा झटका आला. ह्या वेळी उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

त्यानंतर ते साडेचार महिने होते. प्रत्येक रविवारी मी जायचे. कॉटजवळ खुर्ची ओढून बसायचे, तोंड पुसायचे, तांदळाची पेज भरवायचे. त्यांना सगळं कळत होतं. भाऊ म्हशीचं काही बोलला की त्यांचे डोळे तिकडं वळायचे. मी विचारायचे, आण्णा, त्या दिवशी काय सांगत होता? ते माझ्याकडं बघायचे. ओठ हलायचे, घशातून आवाज यायचा, शब्द व्हायचा नाही. लिहून द्या म्हणावं तर लिहिणारा हात उशीवर पडलेला. मग मीच एकेक विचारायला लागले. घरात होता का? मळ्यात गेलता का? रडला होता का? हो असेल तर डोळे मिटा म्हणायचे. ते डोळे मिटायचे, पण ते हो म्हणून की थकले म्हणून, हे मला कधी ठरवता आलं नाही.

एका रविवारी त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं आणि कानात गेलं. भावजय दारात उभी होती. ती मला उलटून बोलणारी नाही. पण त्या दिवशी म्हणाली, आक्का, नका हो छळू त्यांना. त्यानंतर मी विचारायचं बंद केलं. नुसती हात धरून बसायचे. सकाळी सातची पोस्ट मात्र रविवारीही चुकत नव्हती, ती टाकूनच मी घरातून निघायचे.

पावसाळ्याच्या शेवटी आण्णा गेले. त्या दिवशी मी काही टाकलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढं बरेच दिवस नाही. मोजणी एकवर आली. बाईंनी ग्रुपवर लिहिलं की ह्यांच्यासाठी आपण नियम बाजूला ठेवू. मी नको म्हणून कळवलं.

रक्षाविसर्जन झालं, लोक पांगले, तेव्हा मी तात्यांना गाठलं. ते काठी टेकत एकटेच निघाले होते. मी विचारलं, आई गेली त्या सकाळी आण्णा काय करत होते? ते थांबले. फळा त्यांनी लिहिला हे मला कळलंय, हे त्यांना ठाऊक होतं, अख्ख्या गावानं माझी माफी वाचली होती.

"मला काय ठाऊक बाळ," तात्या म्हणाले. "मी फळ्यापाशी हुतो की. सांगावा आला म्हनून घरला गेलो तर तुझा बा दारातनंच म्हनला, माझ्यानं खडू धरवत न्हाई, तू लिव. आन् आत गेला. दार लावून घेतलं. मी लिवून आलो तर बाया बाहीर खोळंबल्याल्या, कुणी कडी वाजवली, तरी उघडलं न्हाई. लई येळ. तुझी आई आन् त्यो, दोघंच आत."

मी पोचले तेव्हा दार उघडं होतं, माणसं जमली होती, आण्णा कोपऱ्यात बसले होते आणि त्यांचे डोळे कोरडे होते. मी तेवढंच बघितलं आणि त्याच्यावर इतकी वर्षं राग धरला.

मी परत लिहायला लागले आहे. सवय लागली ती लागली. वाचणारे सारखे म्हणतात, ताई, आण्णांवर एकदा नीट लिहा ना. काय लिहू? दारापर्यंतचं लिहिता येतं, ते हे लिहिलं. आत ते तिच्याशी काय बोलले, बोलले की नुसते बसून राहिले, तिचा हात धरला की नाही, हे मला बनवता येईल, चांगलं बनवता येईल, आणि लोक रडतीलही. पण मला ते बनवायचं नाही, मला ते ऐकायचं होतं. सांगणारा एकच माणूस होता. तो सांगायला लागला होता, आणि मी त्याला थांबा म्हणाले.